ट्रकचा फाळका आणि भरलेली स्प्रिंग

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे माल घेऊन आलेला ट्रक गाळ्यासमोर उभा राहिला की, क्लीनर मागच्या बाजूला जातो, साखळी सोडतो, दोन्ही बाजूंच्या कड्या हातोडीने ठोकून मोकळ्या करतो आणि मागचा फाळका धाडकन खाली येतो. त्या आवाजाने झोपेतून जागे झालेले मार्केट यार्डाच्या परिसरातील रहिवासी सोडले, तर शहरातील फारच थोड्या लोकांनी या लोखंडी पाटाचा कधी विचार केला असेल. वास्तविक ट्रकच्या संपूर्ण हौद्यात सर्वांत जास्त हाताळला जाणारा, सर्वांत जास्त मार खाणारा आणि सर्वांत जास्त वेळा दुरुस्त होणारा भाग हाच असतो. तो काढून पुन्हा बसविणे हे वरकरणी चार बिजागऱ्यांचे काम. मात्र फाळक्याला स्प्रिंग जोडलेली असेल, तर हेच काम बोटे, मनगट आणि प्रसंगी जीवही धोक्यात घालणारे ठरू शकते.

ट्रकच्या माल भरावयाच्या भागाला हौदा आणि त्याच्या उघडणाऱ्या भिंतींना फाळके म्हणतात. मागचा फाळका खालच्या कडेला बिजागऱ्यांवर बसविलेला असतो व वरून बाहेरच्या बाजूला उघडतो. पुण्याच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक जुन्या ट्रकच्या फाळक्यांना स्प्रिंग नसते. दोन साखळ्या, त्यांवर चढविलेला जुन्या ट्यूबचा तुकडा आणि उचलायला दोन माणसे, एवढ्यावर काम भागते. जेथे फाळका एक-दोन माणसांना झेपण्यापलीकडे जड होतो, तेथे स्प्रिंग येते. उत्खनन यंत्रे, रोड रोलर किंवा ट्रॅक्टर वाहून नेणाऱ्या कमी उंचीच्या ट्रेलरचे मागचे फाळके हे याचे ठळक उदाहरण. चाकण, तळेगाव, पुणे-सोलापूर महामार्ग या बाजूंना असे ट्रेलर नेहमी दिसतात. त्यांचे उभे फाळके खाली सोडले की त्यांचाच उतार होतो आणि यंत्र त्यावरून वर चढते. काही जुन्या ट्रकना जाड पत्र्याचा फाळका बसविताना कारागिरांनी त्याच्या मदतीला स्प्रिंग दिलेली असते. फाळका खाली जाताना त्याचा वेग आवरायचा आणि वर घेताना हातभार लावायचा, अशी तिची दुहेरी नोकरी असते.

या शहराचा आणि मालवाहू गाड्यांचा संबंध जुना आहे. जर्मनीतील हाम्बुर्गच्या 'टेम्पो' या कंपनीच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पोची स्थापना केली. पुढे आकुर्डी हे या कंपनीचे मुख्य ठाणे झाले आणि २००५ मध्ये तिचे नाव फोर्स मोटर्स असे बदलले. कंपनीचे नाव बदलले तरी 'टेम्पो' हा शब्द मराठीत असा रुजला की, आज कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पोच असते. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये डेमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले आणि साठच्या दशकात पिंपरीला कारखाना उभारला. १९८६ मध्ये आलेली '४०७' अजूनही अनेकांचे घर चालविते.

फाळक्याच्या दृष्टीने या इतिहासातील महत्त्वाची बाब वेगळीच आहे. दीर्घकाळ आपल्याकडे कंपनी बहुधा केवळ चासी विकत असे आणि हौदा बाहेरचे कारागीर बांधत. प्रत्येकाचे माप वेगळे, बिजागरी वेगळी, पत्रा वेगळा. त्यामुळे जुन्या ट्रकच्या फाळक्याचा सुटा भाग क्रमांक सांगून मिळत नाही. नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात इंजिनाचे किंवा ब्रेकचे सामान मागितले तर दुकानदार गाडीचे मॉडेल विचारतो. फाळक्याच्या स्प्रिंगबद्दल विचारले तर तो जुना तुकडा दाखवायला सांगतो. काढलेली वस्तू टाकून द्यायची नाही, ती नव्याचे माप असते, हा या कामातील पहिला धडा तेथूनच मिळतो.

स्प्रिंग नेमके काय करते, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. दोन मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच असा एक पोलादी फाळका घेऊ. चौकट, पत्रा, कड्या असे सगळे मिळून त्याचे वजन ६० किलो धरू. त्याच्या वजनाचा मध्य बिजागरीपासून ३० सेंटिमीटरवर येतो. फाळका जमिनीला समांतर असा आडवा झाला की, बिजागरीभोवती त्याला खाली वळविणारा जोर ६० गुणिले ०.३, म्हणजे १८ किलोग्रॅम-मीटर होतो. बाहेरच्या कडेला हात घालून तो उचलायचा म्हटले तर ३० किलोचा जोर लागेल. आता आडव्या स्थितीत १२ किलोग्रॅम-मीटरचा उलटा पीळ देणारी स्प्रिंग जोडली, तर उरतात सहा; कडेला लागणारा जोर अवघा १० किलोंवर येतो. जे काम दोघांचे होते ते एकट्याला जमू लागते.

येथे एक गंमत आहे. फाळका उचलताना तो मध्येच जड होतो, अशी तक्रार हमाल आणि क्लीनर करतात आणि मिस्त्री ती बिजागरीच्या गंजावर ढकलून मोकळे होतात. पुष्कळदा गंज असतोही. पण सगळा दोष त्याचा नसतो. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये मांडलेल्या नियमानुसार स्प्रिंगचा जोर तिला दिलेल्या ताणाच्या किंवा पिळाच्या प्रमाणात सरळ वाढतो आणि सरळ कमी होतो. फाळक्याच्या वजनाचा जोर मात्र असा सरळ रेषेत बदलत नाही. आडव्या स्थितीच्या आसपास तो सावकाश कमी होतो आणि उभ्या स्थितीजवळ झपाट्याने. परिणामी आडवा फाळका साधारण २५ अंश वर आला की, स्प्रिंगची मदत जेवढी घटलेली असते तेवढे वजन घटलेले नसते. वरच्या उदाहरणात १० किलोंचा जोर त्या ठिकाणी सुमारे पावणेतेरा किलो होतो आणि पुढे उतरत जातो. ही चूक नव्हे, स्प्रिंगचा स्वभावच तसा आहे. हे न समजता 'जड वाटते म्हणून आणखी पीळ द्या' असा उपाय केला, की पुढच्या दुखण्याची सुरुवात होते.

स्प्रिंग ही शक्ती निर्माण करीत नाही. फाळका खाली जाताना त्याच्या वजनाने जे काम होते, त्यातील काही भाग ती साठवून ठेवते आणि वर घेताना परत करते. आपल्या उदाहरणात हा साठा सुमारे साडेनऊ किलोग्रॅम-मीटर भरतो. दहा किलोंच्या आसपासचे वजन एक मीटर उंचीवरून हातावर पडले तर जे होईल, तेवढी ताकद त्या गप्प बसलेल्या वेटोळ्यात दडलेली असते. फरक एवढाच की, पडणारे वजन दिसते आणि माणूस हात मागे घेतो. भरलेली आणि रिकामी स्प्रिंग दिसायला मात्र जवळपास सारखीच असतात.

म्हणूनच फाळका काढण्यापूर्वी पाना हाती घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: स्प्रिंग कोणत्या स्थितीत भरलेली आहे आणि कोणत्या स्थितीत रिकामी? खालून बिजागरी असलेल्या फाळक्यात ती फाळका उघडा, म्हणजे खाली असताना भरते आणि मिटून उभा केला की रिकामी किंवा जवळजवळ रिकामी होते. ज्या जड वस्तूला वर नेण्यासाठी मदत हवी असते, तिची स्प्रिंग ती वस्तू खाली असतानाच भरलेली असणार. लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांच्या शटरचे तेच तत्त्व. शटर खाली ओढून कुलूप लावले की त्याच्या नळीतील स्प्रिंगा पूर्ण पिळल्या जातात. सकाळी दुकानदार एका हाताने शटर वर लोटतो ते त्यांच्या बळावर. रात्री बंद दिसणारे शटर हे खरे तर भरलेले शटर असते.

व्हॅनचे किंवा मोटारीचे वर उघडणारे मागचे दार पाहिले तर बाह्य स्वरूपात सगळे उलटे दिसते. त्याची बिजागरी वर असते. दार मिटलेले असताना त्याला खालून आधार देणाऱ्या, गॅरेजच्या भाषेत 'डिकीच्या शॉकअप' म्हटल्या जाणाऱ्या नळ्या दाबलेल्या असतात आणि दार उघडे असताना त्या मोकळ्या झालेल्या असतात. (पूर्ण मोकळ्या त्या कधीच होत नाहीत, आत दाबाखाली वायू असल्याने त्या कापायच्या, भोसकायच्या किंवा तापवायच्या नसतात.) तात्पर्य असे की, व्हॅनच्या दाराचे काम ते उघडे ठेवून व भक्कम टेकू देऊन करावयाचे, तर ट्रकच्या फाळक्याचे तो मिटवून. एका प्रकारावर हात बसलेला मिस्त्री दुसऱ्या प्रकारावर फसतो तो येथे.

दुर्दैवाने ट्रकच्या बाबतीत सोय आणि सुरक्षितता यांचे पटत नाही. फाळका खाली सोडला की बिजागऱ्या समोर येतात, खिळ दिसते, हातोडा मारायला जागा मिळते. उभ्या फाळक्याच्या बिजागऱ्या मात्र हौद्याच्या कडेखाली, चिखलात, अडचणीच्या जागी असतात. साहजिकच घाईत असलेला माणूस फाळका खाली सोडतो आणि खिळ ठोकून काढू लागतो. शेवटची खिळ निघण्याच्या क्षणी भरलेल्या स्प्रिंगला अडविणारे काहीच उरत नाही. एक तर फाळक्याचे मोकळे झालेले टोक उसळते, नाही तर स्प्रिंगचा पाय निसटून गोल फिरतो. दोन्हींच्या वाटेत मिस्त्रीचा हात असतो. आणि खाली वाकून पाहत असेल तर चेहराही.

योग्य रीत अशी. हौदा पूर्ण रिकामा करून गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, हॅण्डब्रेक लावावा व चाकांच्या पुढे-मागे ठोकळे द्यावेत. फाळका मिटवून कड्या लावाव्यात. मात्र त्या कड्यांवर विसंबू नये. जुन्या ट्रकच्या कड्या आधीच झिजलेल्या असतात आणि फाळका काढण्याची वेळ पुष्कळदा त्यांच्यामुळेच आलेली असते. फाळक्याची वरची कड दोन ठिकाणी साखळीने हौद्याला स्वतंत्रपणे बांधावी आणि वरून चेनपुलीचा आधार द्यावा. मग स्प्रिंगचा पाय हाताने नव्हे, टॉमीच्या टोकाने हलवून पाहावा. तो सैल हलला तर स्प्रिंग रिकामी आहे. हलत नसेल तर कारागिराने मिटलेल्या स्थितीतही थोडा पीळ राखून ठेवला आहे, असे समजावे. फाळका प्रवासात खडखडू नये म्हणून असे करण्याची पद्धत आहे. हा उरलेला पीळ ताण देणाऱ्या बोल्टने उतरवायचा असतो. तोही एका बाजूचा सगळा सोडून मग दुसरीकडे वळण्याच्या पद्धतीने नव्हे, तर डावीकडे चार आटे, उजवीकडे चार आटे असे आलटूनपालटून. एकीकडचा जोर गेला आणि दुसरीकडचा राहिला की फाळका तिरपा होतो आणि बिजागरीची खिळ जाम होते.

बोल्टऐवजी छिद्रांत दांडा घालून पीळ सोडण्याची रचना असेल, तर त्या छिद्राच्या मापाचेच दोन भरीव दांडे घ्यावेत. एक धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने पुढचे छिद्र पकडायचे. येथे स्क्रू ड्रायव्हर वापरणे हा निव्वळ वेडेपणा होय. काम करणाऱ्याने नेहमी दांड्याच्या फिरण्याच्या वाटेपासून आणि बोल्टच्या सरळ रेषेपासून बाजूला उभे राहावे. ट्रेलरच्या फाळक्यांना काही वेळा पिळाऐवजी ताणाची लांब स्प्रिंग असते. तिच्या पोकळीतून पोलादी तार ओवून तारेची दोन्ही टोके पक्की केलेली असली, तर स्प्रिंग तुटली तरी तिचे तुकडे चाबकासारखे भिरकावले जात नाहीत. अशी तार नसेल तर ती ओवून मगच पुढचे काम करावे.

स्प्रिंग सोडविण्यापूर्वी आणखी एक लहानसे काम राहते आणि तेच पुढे दिवस वाचविते. रंगाने किंवा पंचाने खुणा करणे. डावी आणि उजवी स्प्रिंग दिसायला सारखी असली, तरी त्यांचे वेटोळे परस्परविरुद्ध दिशांनी वळलेले असते. अदलाबदल झाली की पीळ देताना वेटोळे घट्ट होण्याऐवजी उलगडू लागते आणि स्प्रिंग थोड्याच दिवसांत बसते किंवा तुटते. ताण देणाऱ्या बोल्टचे किती आटे बाहेर होते, तेही मोजून लिहून ठेवावे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईलचा कॅमेरा असल्याने चार छायाचित्रे काढण्यास सबब उरलेली नाही.

स्प्रिंगा बाजूला झाल्या की बिजागरीची खिळ काढायची. पुण्यातील चार महिन्यांचा पावसाळा, ओली वाळू, भाजीचे पाणी, रस्त्यावरचा चिखल हे सर्व फाळक्याच्या खालच्या कडेलाच साठत असल्याने खिळ सहसा सुखासुखी निघत नाही. आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल घालून ठेवावे आणि सकाळी ठोकावे, हा उपाय जुना तसाच खात्रीचा. पण आदल्या रात्रीचा वेळ कोणाजवळ नसतो आणि मग गॅस कटर पेटतो. स्प्रिंग जागेवर असताना बिजागरी तापविणे हे दुहेरी संकट आहे. स्प्रिंगचे पोलाद विशिष्ट तापमानाला कडक करून व मग ठरावीक तापमानाला उतरवून तयार केलेले असते. पुन्हा भलत्या ठिकाणी लाल केले की त्याचा लवचीकपणा जातो. ती स्प्रिंग पुढे केवळ वळविलेली सळई उरते. शिवाय भरलेली स्प्रिंग तापली, तर तापलेला भाग एकाएकी मान टाकतो आणि फाळक्याचा भार क्षणात बदलतो. वेल्डिंगचेही तसेच. वेल्डिंगची ठिणगी स्प्रिंगच्या तारेवर जेथे चटका देते, तेथे काचेसारखा कडक आणि ठिसूळ ठिपका तयार होतो. महिना-दोन महिन्यांनी स्प्रिंग तुटते ती नेमकी त्या ठिपक्यापाशी आणि दोष मात्र 'माल हलका होता' म्हणून दुकानदाराला दिला जातो.

खिळी निघाल्यानंतर फाळका चेनपुलीवर पूर्ण ६० किलो वजनानिशी लोंबतो. उभ्या फाळक्याचे सारे वजन तोवर बिजागऱ्यांवर असते आणि त्यामुळे तो हलका भासतो. हा भास धोकादायक. स्प्रिंग नसलेला आणि बांधून न ठेवलेला असा फाळका उभ्या स्थितीतून आडवा पडला, तरी १८ किलोंचे वजन एक मीटरवरून पडावे एवढा तडाखा बसतो. म्हणजे स्प्रिंग काढून टाकली की धोका संपला असे नव्हे. स्प्रिंगचा धोका जातो आणि वजनाचा धोका वाढतो. उतरवलेला फाळका भिंतीला टेकवून न ठेवता दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा निजवावा. गॅरेजमध्ये टेकवून ठेवलेल्या जड पत्र्यांनी पायांची बोटे ठेचल्याच्या कहाण्या प्रत्येक मिस्त्रीपाशी असतात.

फाळका उतरवण्याचे कारण बहुधा कुजलेला पत्रा, वाकलेली चौकट किंवा लांबट झालेली बिजागरीची भोके हे असते. आठ वर्षे उलटलेल्या मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि 'पासिंग' जवळ आले की ही कामे निघतात. निगडीच्या ट्रान्स्पोर्टनगरीसारख्या ठिकाणी पत्रा बदलून, ठोकूनठाकून, रंगवून फाळका नवाकोरा केला जातो. या टप्प्यावर होणारी चूक पुढे कित्येक महिने छळते. जुना पत्रा तीन मिलिमीटरचा होता. मालक म्हणतो, टिकाऊ हवा, चार मिलिमीटरचा टाका. वर सांगितलेल्या मापाच्या फाळक्यात तीन मिलिमीटरच्या पत्र्याचे वजन सुमारे २८ किलो, चारच्या पत्र्याचे सुमारे ३८. एका मिलिमीटरने फाळका जवळपास १० किलोंनी वाढला. स्प्रिंग तीच राहिली तर कडेला लागणारा १० किलोंचा जोर १५ किलो होतो. जुना पत्रा तसाच ठेवून वरून ठिगळ मारण्याच्या पद्धतीनेही हेच घडते, फक्त हळूहळू.

मग नवी स्प्रिंग शोधली जाते. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात हरतऱ्हेच्या स्प्रिंगा मिळतात आणि तेथे 'थोडी जाड घेऊ' हा सल्लाही फुकट मिळतो. पिळाच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. दहा मिलिमीटर तारेच्या जागी बारा मिलिमीटरची तार घेतली तर जाडी एकपंचमांशाने वाढली, पण स्प्रिंग दुपटीहून अधिक कडक झाली. बारा किलोग्रॅम-मीटरच्या जागी चोवीसचा पीळ आला आणि फाळक्याचे वजन तर अठराचेच! असा फाळका खाली राहतच नाही. त्यावर पाय देऊन उभा असलेला हमाल खाली उतरला की तो त्याच्या पाठीमागून उसळून वर येतो. हाच नियम उलट्या बाजूनेही लागू पडतो. दहा मिलिमीटरची तार गंजून नऊ मिलिमीटर उरली तर एकतृतीयांशाहून अधिक जोर गेलेला असतो. डोळ्यांना मात्र केवळ थोडी गंजलेली स्प्रिंग दिसते.

आणखी एक गैरसमज. स्प्रिंग फार कडक वाटते म्हणून तिची दोन वेटोळी कापून टाकण्याचा प्रकार सर्रास चालतो. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग मऊ होत नाही, अधिक कडक होते. कारण तेवढाच पीळ आता कमी तारेला सोसावा लागतो. लांब काठी सहज वाकते आणि तिचा तुकडा वाकत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

फाळका पुन्हा बसविण्याचे काम काढण्याच्या बरोबर उलट क्रमाने करावे, असे सांगितले जाते. ते खरे असले तरी पुरेसे नाही. सर्व बिजागऱ्या एका सरळ रेषेत आल्या आहेत की नाही, हे दोरी ताणून पाहावे. एक जरी दोन-चार मिलिमीटर खाली-वर असली तर फाळका फिरताना मध्येच अडकतो. त्यानंतर स्प्रिंगा न जोडताच फाळका चेनपुलीच्या आधाराने पूर्ण खाली आणि पूर्ण वर असा चार वेळा फिरवून पाहावा. या पायरीला बहुतेक ठिकाणी फाटा दिला जातो. अडखळणारी बिजागरी आणि भरलेली स्प्रिंग एकत्र आल्या की कोणता दोष कोणाचा हे कळेनासे होते. फाळका खाली येत नसेल तर तो स्प्रिंगने धरला आहे की गंजाने, हे कळायला मार्ग उरत नाही. आणि तो गंजाने धरला असेल तर धक्क्यासरशी सुटतो.

फाळका मोकळा फिरू लागला की तो मिटवून, साखळ्यांनी बांधून, रिकाम्या स्थितीतच दोन्ही स्प्रिंगा जोडाव्यात. बुशमध्ये ग्रीस भरावे. लिहून ठेवलेले आटे दोन्हीकडे सारखे द्यावेत. पहिल्यांदा फाळका उघडताना दोर लावून, कोणालाही समोर उभे न करता, सावकाश खाली सोडावा. मग अंदाजाने 'ठीक आहे' म्हणण्याऐवजी शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा, अर्थात मोठ्या मापाचा, फाळक्याच्या कडेला अडकवून वर ओढावा आणि आकडा वाचावा. दहा-बारा किलोंच्या आसपास काटा थांबला तर एका माणसाला फाळका झेपेल. काटा शून्याकडे झुकत असेल तर पीळ जास्त झाला आहे. फाळका हाताला किंचित जड लागणे, हेच त्याचे आरोग्य. बोटाच्या स्पर्शाने वर येणारा फाळका दाखवून मालकाची वाहवा मिळविणारे कारागीर आहेत. पण रिकाम्या हौद्यात मिळविलेली ही वाहवा माल उतरविताना महागात पडते.

फाळका रोज उघडतो कोण, हेही पाहिले पाहिजे. मालक नव्हे, पुष्कळदा चालकही नव्हे. क्लीनर आणि हमाल. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली आणि राज्यात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. पोत्याचे वजन ५० किलोंपर्यंत खाली आणावे, ही हमालांची मागणी त्याच चळवळीने लावून धरली. पोत्याचे वजन त्यावर लिहिलेले असते. फाळक्याचे वजन कोणी मोजत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा वाकून एका कडेने तो उचलणाऱ्याच्या कंबरेला दहा किलो आणि पंधरा किलो यांतला फरक कळतो; पण तो सांगायचा कोणाला, हे त्याला माहीत नसते.

कधी कधी स्प्रिंगचा पीळ भलत्याच कारणाने बिघडतो. सळया किंवा पाइप हौद्यात मावत नाहीत म्हणून फाळका अर्धवट खाली सोडून, दोरीने बांधून गाडी हाकली जाते. तासन् तास भरलेल्या अवस्थेत खड्ड्यांतून हिंदकळणारी स्प्रिंग लवकर थकते. शिवाय हौद्याबाहेर माल काढून नेण्यास २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्यापुढे नव्या स्प्रिंगची किंमत किरकोळच म्हणावी लागेल.

काम पूर्ण झाल्यावर काही जुने कारागीर फाळक्याच्या आतल्या बाजूला कोपऱ्यात रंगाने तीन गोष्टी लिहून ठेवतात: फाळक्याचे वजन, तारेची जाडी आणि दिलेले आटे. मालाच्या घासण्याने हा मजकूर वर्षभरात पुसट होतो. पुढच्या पासिंगच्या वेळी रंगकामाआधी तो पुन्हा वाचून घ्यावा, एवढेच.